पावसाळ्याचे दोन महिने आणि मार्कचं शुभवर्तमान : युवक संघ आणि घर, दोन्हीकडे एकच वाचन

तरुणांच्या वाचनाचा बेत बहुतेक चर्चमध्ये उपवासकाळात आखला जातो. राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कागद वाटतात आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं थंडावतं. मुलांना उत्साह नाही, असं मग कमिटीत बोललं जातं. खरं कारण कॅलेंडरात आहे. उपवासकाळ फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येतो आणि बारावी-दहावीच्या परीक्षाही त्याच दिवसांत असतात. एप्रिल-मे आंबा-काजूत आणि लग्नसराईत जातो, घरं मुंबईकरांनी भरलेली असतात. कोकणात वाचनाला खरा मोकळा काळ जून-जुलैचा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणजे तांडेल आणि खलाशी बाप वर्षात एकदाच सलग घरी सापडतात. शाळा-कॉलेजं नुकती सुरू झालेली, परीक्षा लांब. एवढ्या काळात आठ-नऊ रविवार मिळतात. शेतीवाल्या घरांत लावणीच्या धांदलीत एखादा रविवार बुडतो, तो आधीच धरून चालायचं.

या दोन महिन्यांत एकच मजकूर घरात आणि युवक संघात, दोन्हीकडे वाचायचा. सगळा भर यावर आहे आणि बाकीच्या सूचना त्याला आधार म्हणून आहेत. आज काय होतं? आईबापांना वाटतं धर्मशिक्षण फादर किंवा पाळकसाहेब बघतील. युवक संघ घेणाऱ्या ॲनिमेटरला वाटतं घरी आईबाप बघत असतील. मुलगा दोन्हीकडून वेगवेगळे तुकडे ऐकतो आणि कशाबद्दल कोणाशी बोलावं हेच त्याला कळत नाही. रविवारी जे वाचलं तेच बुधवारी रात्री आईच्या तोंडून ऐकलं, तर बोलायला धागा मिळतो.

मजकूर मार्कचा घ्यावा, म्हणजे नव्या करारातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एक. सोळा अध्याय, चारही शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, गोष्ट वेगाने पुढे सरकणारी. आठवड्याला दोन अध्याय धरले तर आठ आठवड्यांत पूर्ण होतो. रोजची बारा ते पंधरा वचनं होतात, मोठ्याने वाचायला तीन मिनिटं. ज्या कॅथलिक घरांत संध्याकाळी तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात तिथे तेर्स संपल्यावर लगेच, लोक उठायच्या आत वाचावं. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) किंवा इतर घरांत कौटुंबिक प्रार्थनेची जी वेळ असेल ती. वेगळी वेळ काढू म्हटलं तर ती कधीच निघत नाही.

भाषांतराचा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो, म्हणून तो आधी सोडवा. बायबल सोसायटीचं जुनं ‘पवित्र शास्त्र’ आजीआजोबांच्या कानात बसलेलं असतं, पण पंधरा वर्षांच्या मुलाला त्याची वाक्यरचना अडते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’, ज्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आजच्या मराठीत आहे आणि मुलांना झेपतं. बैठकीत एकच भाषांतर सगळ्यांच्या हातात असू द्या. दोन भाषांतरं असली की अर्धा वेळ ‘माझ्याकडे वेगळं लिहिलंय’ यात जातो. संघात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोन्ही मुलं असतील तर एका वाक्यात सांगून टाका की कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं आहेत आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. फरक जुन्या करारात आहे, मार्क दोन्हीकडे तोच.

आणखी एक अडचण मोठ्यांच्या लक्षात येत नाही. घरात मालवणी किंवा कोकणी, शाळा इंग्रजी माध्यमाची, अशी कितीतरी मुलं मराठी समजतात, बोलतात, पण देवनागरी अडखळत वाचतात. गोलाकार बसवून ‘आता तू एक वचन वाच, मग तू’ अशी पद्धत त्यांच्यासाठी शिक्षा ठरते. ती मुलं पुढच्या रविवारी येत नाहीत, आणि कारण कोणालाच सांगत नाहीत. वाचणारे दोघेजण आधीच ठरवा, त्यांना शनिवारी उतारा द्या आणि घरी दोनदा मोठ्याने वाचून यायला सांगा. बाकीच्यांनी ऐकायचं. चर्चा मालवणीत झाली तर उत्तमच, अडवू नका.

वाचन सुरू करण्याआधी ॲनिमेटरनी एक काम केलंच पाहिजे. मेच्या शेवटच्या आठवड्यात तीन-चार जणांनी एकत्र बसून अख्खा मार्क एका बैठकीत मोठ्याने वाचायचा. दीड ते दोन तास लागतात. रविवारी रविवारी तुकड्यांनी ऐकलेला मार्क आणि सलग वाचलेला मार्क यांत फार अंतर आहे. शिष्यांना किती वेळा कळत नाही, येशू किती वेळा एकटा जातो, शेवटचे तीन अध्याय किती जागा घेतात, हे सलग वाचल्यावरच जाणवतं. ज्याने हे केलं नाही त्याने संघ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बैठक पन्नास मिनिटांची. पावसाळ्यात संध्याकाळची वेळ टाळा. ढगांमुळे लवकर अंधारून येतं, शेवटची एस.टी. चुकण्याची भीती असते आणि मुलींना घरून लवकर परत बोलावतात. सकाळच्या मिस्सा किंवा उपासनेनंतर लगेच बसणं सोयीचं. पण मग आधी खायला द्या. बहुतेक मुलं काही न खाता आलेली असतात आणि रिकाम्या पोटी कोणी ऐकत नाही. चहा आणि उसळ-पाव, दहा मिनिटं. मग उतारा एकदा वाचायचा, दोन मिनिटं पूर्ण शांतता, आणि तोच उतारा दुसऱ्या वाचकाने पुन्हा. यात आठ मिनिटं जातात. पंचवीस मिनिटं बोलणं, पाच मिनिटं प्रार्थना, शेवटची दोन मिनिटं घरी न्यायच्या चिठ्ठीला. पंचवीस मिनिटांत ॲनिमेटरचं बोलणं पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. बहुतेक संघ इथेच बिघडतात. दुसऱ्या वाक्याला प्रवचन सुरू होतं आणि मुलं भिंतीकडे बघू लागतात. प्रश्न विचारल्यावर गप्प राहायला शिका. मनात वीस आकडे मोजा, कोणीतरी बोलतंच.

एका गटात आठ ते बारा मुलं. तेरा-पंधरा आणि सोळा-अठरा वेगळे बसवा. अठराच्या वरच्यांना वेगळा गट करता आला तर करा. तेरा वर्षांच्या मुलीसमोर एकवीस वर्षांचा मुलगा मोकळेपणाने बोलत नाही, आणि त्याच्यासमोर तीही बोलत नाही.

घरी दोन अध्याय वाचले जातात, बैठकीत त्यातला एकच उतारा. पहिल्या आठवड्यात 1:16-20 (आधीचा आकडा अध्यायाचा, नंतरचे वचनांचे), मग 4:35-41, 5:21-43, 8:27-38, 10:17-31, 12:41-44, 14:32-42 आणि शेवटी 16:1-8. एखादा रविवार बुडालाच तर त्या आठवड्याचे अध्याय घरी वाचून पुढे जा. दोन बैठका एकात कोंबू नका.

पहिला उतारा कसा घ्यायचा ते जरा तपशिलात सांगतो, कारण तो जमला की पुढचं जमतं. पाचच वचनं आहेत आणि किनाऱ्यावरच्या मुलांना त्यातलं जे दिसतं ते टीकाकारांनाही चटकन दिसत नाही. शिमोन आणि अंद्रिया पाण्यात जाळं टाकताहेत, म्हणजे आपल्याकडे पाग टाकतात तसं, हाताने, किनाऱ्यालगत. याकोब आणि योहान होडीत बसून जाळी नीट करताहेत, आणि त्यांच्या होडीत बापासोबत मजूरही आहेत. मुलांना विचारा, या दोन घरांपैकी पैसेवालं कोणतं? लगेच उत्तर येतं. पाग एकट्याचा असतो. होडी, जाळी आणि पगारी खलाशी ज्याच्याकडे आहेत त्याचं घर वेगळं. मग दुसरा प्रश्न विचारा: याकोब-योहानचा बाप जब्दी होडीत राहिला, त्याचं काय झालं असेल? ज्याचा थोरला भाऊ होडी सोडून दुबईला किंवा गोव्यात हॉटेलात गेलाय, त्या मुलाकडे यावर बोलायला खूप असतं. तिसरा प्रश्न: तुझ्या घरात तुला कोण सोडणार नाही, आणि तुला काय सोडावंसं वाटतं? इथे ॲनिमेटरने उत्तर द्यायचं नाही. येशूच्या मागे जाणं म्हणजे घरदार सोडणं, असा झटपट निष्कर्ष काढलात तर संध्याकाळी आईबाप तुमच्या दारात उभे राहतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पहिल्या अध्यायातच पुढे हेच शिष्य शिमोनच्या घरी जातात, त्याच्या सासूच्या तापाची चौकशी होते. घर सुटलेलं नाही. हे उत्तर अध्यायातच आहे, मुलांना शोधू द्या.

दोन ठिकाणी तयारी लागते. तेरावा अध्याय जगाच्या अंताविषयी आहे, आणि त्यावर यूट्यूबवर युद्ध-भूकंपाच्या बातम्या जोडून तारखा सांगणारे व्हिडिओ मुलांनी आधीच पाहिलेले असतात. त्याच अध्यायातलं 32 वं वचन दाखवा: तो दिवस पुत्रालाही ठाऊक नाही. एवढं पुरे, वाद वाढवू नका. दुसरं, सोळावा अध्याय. सगळ्यात जुन्या हस्तलिखितांत मार्क 16:8 पाशी संपतो, पुढची वचनं त्यांत नाहीत. अनेक बायबलांत तशी टीप छापलेली असते. कॉलेजात एखादा मित्र हे दाखवून ‘बघ, तुमचं बायबल बदललेलं आहे’ म्हणणार, त्याआधी संघात शांतपणे सांगितलेलं बरं. मुलाला बाहेरून कळलं तर ते लपवलेलं वाटतं.

आता आईबाप. मार्क निवडण्याचं मोठं कारण हेच आहे. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या आठवड्यात एकापाठोपाठ तीन पालक येतात. पाचव्या अध्यायात याईर, मुलगी बारा वर्षांची आणि मरणाच्या दारात. सातव्यात परदेशी आई, तिच्या मुलीला भूतबाधा. नवव्यात बाप, मुलाला झटके येतात, आगीत-पाण्यात पडतो. तिन्ही ठिकाणी येशूकडे पालक येतो, मूल स्वतःहून आलेलं नाही. आणि तिघांशी येशू वेगवेगळं वागतो. याईरबरोबर तो चालू लागतो, वाटेत उशीर होतो, आणि तो उशीर बापाला सहन करावा लागतो. आईशी वाद घालतो आणि ती वादात हरत नाही. तिसऱ्या बापाला तो आधी विचारतो, हे किती दिवसांपासून आहे? बाप सांगतो, लहानपणापासून. हा बापच पुढे एका दमात म्हणतो की विश्वास आहे आणि अविश्वासातून मला वाचवा.

या तीन आठवड्यांत पालकांची एक वेगळी बैठक घ्या, अर्धा तास, फक्त पालक. तिन्ही उतारे वाचून एकच प्रश्न ठेवा: माझ्या मुलाबद्दल ‘किती दिवसांपासून’ हे मी विचारलंय का? चिडका झालाय, खोलीतून बाहेर येत नाही, मोबाईल सोडत नाही, हे पालक सांगतात. कधीपासून, हे फार कमी जणांना सांगता येतं. या बैठकीत इफिसकरांस पत्राचा सहावा अध्यायही वाचा, पहिली चार वचनं सलग. आईबापांच्या आज्ञेत राहा, हे पहिलं वचन सगळ्यांना पाठ असतं. चौथं, बापांनी मुलांना चिडवू नये हे, मुलांनाच पाठ असतं.

बाप बोटीवर किंवा आखातात असेल तर त्याला बाजूला ठेवू नका. त्या आठवड्याचे पाच-सहा वचनांचे तुकडे त्याला पाठवा आणि स्वतःच्या आवाजात वाचून व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगा. दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग. ते घरी तेर्सनंतर लावतात. समजावून सांगण्याची गरज नाही, वाचलं तरी पुरतं.

मुलं दोन महिन्यांत मार्कच्या बाहेरचं काही विचारणारच. गणपती जवळ आलेले असतात आणि मित्राच्या घरचा प्रसाद घ्यावा की नाही, हा प्रश्न दरवर्षी ठरलेला. ‘घेऊ नको’ किंवा ‘त्यात काय’ असं एका शब्दात निकालात काढू नका. करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय वाचा, त्यासोबत दहाव्यातली 14 ते 33 वचनं आणि रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय. ही पत्रं लिहिणारा पौल एकीकडे मूर्तीच्या जेवणात सामील होण्याविरुद्ध कडक बोलतो आणि दुसरीकडे मित्राने जेवायला बोलावलं तर विचारत बसू नका म्हणतो, शिवाय दुसऱ्याच्या मनाची काळजी घ्या असंही सांगतो. हे तिन्ही एकत्र वाचल्याशिवाय उत्तर पूर्ण होत नाही. कॅथलिक ॲनिमेटरनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा 1965 चा इतर धर्मांविषयीचा छोटा जाहीरनामा, ‘नोस्त्रा एताते’, वाचून ठेवावा. तुमच्या चर्चची भूमिका वेगळी असेल तर पाळकांना विचारून मगच बोला, पण मुलाच्या मैत्रीचा अपमान होईल असं काही बोलू नका. त्याच गावात त्याला राहायचंय.

सगळ्यात जड भाग. एखाद्या रविवारी एखादं मूल म्हणतं, जगायचा कंटाळा आलाय. अशा वेळी पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय आठवावा. एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. झोपू देतो, भाकरी आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा खायला देतो. त्याच्याशी बोलणं नंतर होतं. याईरच्या मुलीलाही उठल्यावर खायला द्या, असंच येशू सांगतो. पण उतारा वाचून दाखवणं हा उपाय नव्हे. मुलाला एकटं सोडायचं नाही, आईबापांपैकी ज्याच्याशी त्याचं जमतं त्याला त्याच दिवशी कळवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ‘प्रार्थना कर, बरं वाटेल’ एवढ्यावर त्याला घरी पाठवणारा ॲनिमेटर मोठी जोखीम घेतो.

म्हणून पहिल्याच बैठकीत एक नियम स्पष्ट बोलून ठेवावा. इथे बोललेलं बाहेर जाणार नाही, पण कोणी स्वतःला इजा करणार असेल किंवा कोणी त्याला इजा करत असेल, तर ते योग्य माणसाला सांगितलंच जाईल. हा अपवाद आधी न सांगता नंतर वापरला तर मुलाचा विश्वास कायमचा तुटतो. कायदाही हेच सांगतो. 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी रास्त भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. कलम 19 कळवण्याविषयी आणि कलम 21 न कळवल्यास शिक्षेविषयी आहे. ‘आधी चर्चमध्ये चौकशी करू’ ही पळवाट कायद्यात नाही. ही कलमं छापून प्रत्येक ॲनिमेटरकडून वाचून घ्या आणि 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक हॉलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं असावीत, दार उघडं असावं, आणि ॲनिमेटरने एखाद्या मुलाशी किंवा मुलीशी रात्री खासगी चॅट करू नये.

मोठ्यांनी स्वतःसाठी काय वाचावं? कॅथलिकांसाठी पोप फ्रान्सिस यांचं तरुणांविषयीचं 2019 चं पत्र, ‘ख्रिस्तुस विवित’. 299 परिच्छेद आहेत, सगळे एकदम वाचायचे नाहीत. परिच्छेद 86 ते 90 मोबाईल आणि डिजिटल जगाविषयी, 91 ते 94 स्थलांतराविषयी, 95 ते 102 अत्याचाराविषयी आणि सातवा अध्याय तरुणांच्या सेवाकार्याविषयी. एवढं जूनच्या आत वाचावं. तरुणाचं ऐकून घेणं म्हणजे काय, ते शेवटच्या, नवव्या अध्यायात चांगलं सांगितलं आहे.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयातलं एक पुस्तक मात्र सगळ्या पंथांच्या पालकांनी वाचावं: लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. रेव्हरंड नारायण वामन टिळक मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म 1861 चा. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, पुढे स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. एका घरात श्रद्धेवरून फाटाफूट होते तेव्हा प्रत्येकाला काय सोसावं लागतं, हे त्यात कुठलीही सारवासारव न करता लिहिलं आहे. आंतरधर्मीय लग्नाचा किंवा चर्च सोडण्याचा विषय घरात निघालेला असेल, तर सल्ला द्यायच्या आधी हे वाचा. उत्साही मुलांना फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तल्या दहा-बारा ओव्या ऐकवा. 1616 मध्ये छापलेलं हे मराठी काव्य ऐकून ‘मराठी आणि ख्रिस्ती एकत्र कसं’ या शाळेतल्या प्रश्नाला मुलं स्वतःच उत्तर देतात. सबंध पुराण वाचायला लावू नका, भाषा जुनी आहे.

इंग्रजीतून आलेलं तयार साहित्य जपून वापरा. मैत्री, प्रेम, डेटिंगवरच्या परदेशी पुस्तिकांत गाडी घेऊन बाहेर पडणारी मुलं-मुली असतात. आपल्याकडे मुलगी मुलासोबत एस.टी. स्टँडवर पाच मिनिटं बोलली तरी संध्याकाळपर्यंत वाडीभर होतं. तो ताण त्या पुस्तिकांना माहीतच नाही, म्हणून त्यांचे सल्ले इथे उलटे पडतात.

शेवटी कागदाचं. उतारे ए-फोर कागदावर चौदा पॉइंट अक्षरांत छापा, वीज गेली तर टॉर्चच्या उजेडात वाचता येतात. बारा मुलांच्या गटाला पंधरा प्रती काढा. घरी न्यायची चिठ्ठी छोटी, हाताएवढी, त्यावर आठवड्याचे दोन अध्याय आणि एक प्रश्न. संघाची पुस्तकं हॉलच्या भिंतीतल्या कपाटात ठेवू नका, जुलैपर्यंत बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्या महिन्याने बदला, आणि ऑक्टोबरमध्ये पुस्तकं एक दिवस उघडून सावलीत वाऱ्यावर ठेवा, थेट उन्हात नको, बांधणी सुटते. पुस्तक कोणी नेलं ते वहीत मुलांनाच लिहू द्या, तारखेसह. परत आणायची मुदत तीन आठवड्यांची.